खिशावरचं नाव

आमच्या घरातल्या सगळ्या खुर्च्या नापास झालेल्या होत्या. एखादीचं चाक वाकडं, एखादीची पाठ एका अंगाला कललेली, आणि एक तर अशी की बसलं की हळूहळू खाली जायची, इतकी हळू की पोहे संपेपर्यंत हनुवटी टेबलाला टेकलेली असायची. टेबलही तसलंच. कुठल्याशा बँकेसाठी केलेल्या लंबगोल मीटिंग टेबलाचं अर्धं, त्याला भिंतीकडून आईने तेलाच्या डब्यांचा टेकू दिलेला. अंबडला ऑफिसचं फर्निचर बनवणारा कारखाना होता, बाबा तिथे पर्सोनेल ऑफिसर होते, आणि कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून ज्या थोड्या क्वार्टर होत्या, त्यातल्या कोपऱ्यातल्या घरात आम्ही तिघं राहायचो. तपासणीत नापास झालेला माल बाबांना घरी आणायची परवानगी होती, आणि फुकट मिळालेली वस्तू नाकारणं आमच्या बाबांच्या स्वभावात नव्हतं. गंगापूर रोडची आत्या आली की चाकाच्या खुर्चीवर पदर सावरत बसायची आणि म्हणायची, "वहिनी, तुमच्याकडे जेवायला आलं की मुलाखतीला आल्यासारखं वाटतं बाई." आई तिला आणखी एक भाकरी वाढायची. आईला त्या खुर्च्या आवडायच्या नाहीत. ती कायम दारात पाटावर बसायची, उजेडाकडे तोंड करून.

त्या घराचा आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही. भिंतीपलीकडे कारखान्याची टेस्टिंगची खोली होती आणि तिथून दिवसभर एकच आवाज यायचा. आधी धप्प, मग फुस्स. धप्प म्हणजे खुर्चीवर वजन आदळल्याचा, आणि फुस्स म्हणजे सीटखालच्या नळीतली हवा दबल्याचा. आई नकळत त्या तालावर भाकरी थापायची, मी त्या तालावर पाढे पाठ केले. जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद पडायचं तेव्हा घर एकदम मोठं वाटायचं, आणि आम्ही उगाच हळू आवाजात बोलायला लागायचो. आता इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये माझा मुलगा लॅपटॉपसमोर बसून काम करतो. तो उठला की त्याची खुर्ची तसाच सुस्कारा टाकते, आणि मी हातातला कप खाली ठेवते. तो म्हणतो, "आई, तुला मध्येच काय होतं गं?" काय सांगणार, कप्पाळ. एका वाक्यात सांगता येत नाही म्हणून तर हे लिहायला बसले आहे.

टेस्टिंगच्या खोलीत एक पोतं होतं. वाळू आणि लाकडाचा भुसा ठासून भरलेलं, चांगल्या धिप्पाड माणसाच्या वजनाचं. मशीन ते वर उचलायचं आणि खुर्चीवर सोडायचं, परत उचलायचं, परत सोडायचं. खुर्ची किती वर्षं माणूस झेलेल ते असं ठरायचं. तिथे गांगुर्डेकाका असायचे. पेठ तालुक्याकडचे, सडपातळ, तंबाखू मळता मळता मशीनकडे तिरपं बघणारे. ते त्या पोत्याला 'पाहुणा' म्हणायचे. पाहुण्याच्या गोणपाटाने खुर्चीचं कापड खरवडलं जायचं म्हणून त्याला शर्ट घालत. आणि शर्ट कुठले, तर नोकरीतून गेलेल्या माणसांचे. जाताना युनिफॉर्म परत करायचा, त्याशिवाय कुणाला मोकळं करायचं नाही, असा नियम होता. आकाशी रंगाचे शर्ट, खिशावर गडद निळ्या धाग्याने भरलेलं नाव. ते गोळा करणं पर्सोनेलचं काम, म्हणजे बाबांचं. आणि ते धुऊन, फाटकं शिवून, खिशावरचं नाव उसवून टेस्टिंगला पाठवणं हे काम कधी आणि कसं कुणास ठाऊक, पण आईच्या गळ्यात पडलं होतं.

दुपारची झाकपाक झाली की आई शर्ट मांडीवर घ्यायची. सुईच्या टोकाने एक टाका उचलायचा, कात्रीने तोडायचा, ओढून काढायचा. सुरुवात नेहमी शेवटच्या अक्षरापासून. "पहिलं अक्षर शेवटी काढावं," ती म्हणायची, "तोवर त्या माणसाला कळत नाही." ती हे गमतीने म्हणायची की खरंच, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कधी ओळखता आलं नाही. निघालेले धागे ती बोटाभोवती गुंडाळून छोटंसं वेटोळं करायची, त्याला तिची ती दुहेरी गाठ मारायची आणि त्याच शर्टाच्या खिशात ठेवायची. फेकून का देत नाहीस म्हटलं तर म्हणायची, "ज्याचं त्याच्यापाशी असू दे." नाव गेलं तरी सुईची भोकं राहायची. शर्ट दोरीवर वाळत असले आणि ऊन मागून तिरपं आलं की त्या भोकांतून उजेड झिरपायचा, आणि गेलेला माणूस परत वाचता यायचा. मी पुढे बाबांच्याच वाटेने गेले, माझाही सगळा जन्म एच.आर.मध्येच गेला. आमच्या काळात माणूस गेला की कम्प्युटरवर एक बटण दाबायचं, त्याचा पासवर्ड बंद, विषय संपला. ते बटण दाबताना दर वेळी मला वाटायचं की आपण पहिलं अक्षर आधी काढतोय.

एका दिवाळीत चकल्यांच्या गडबडीत एक शर्ट नावासकट टेस्टिंगला गेला. गठ्ठा घेऊन मीच गेले होते आणि मशीन बघायला तिथेच रेंगाळले होते. गांगुर्डेकाकांनी पाहुण्याला शर्ट चढवला, खाली नवी खुर्ची ठेवली आणि मशीन चालू केलं. पोतं वर गेलं. ते वरच होतं, साखळीला लटकलेलं, मी त्याच्याकडेच बघत होते. आणि खाली रिकामी खुर्ची फुस्स करून दबली. कुणीतरी सावकाश टेकावं तशी तिची सीट बसली, मग पोतं येऊन आदळलं. काकांनी मशीन बंद केलं. पोत्याजवळ जाऊन खिशावर अंगठा फिरवला आणि शर्ट काढून माझ्या हातात दिला.

"आईला दे. म्हनावं नाव हाय यावर."

"मग काय झालं?"

"नाव ठिवलं तर पोतं नाय बसत, पोरी. तो बसतो." त्यांनी खुर्चीच्या पायाला खडूने फुली मारली, नापासची. तीच ती हळूहळू खाली जाणारी खुर्ची, जी नंतर बाबांनी हौसेने घरी आणली. मी घरी काही बोलले नाही. पण त्या खुर्चीवर नंतर मी कधी बसले नाही, आणि माझ्या लक्षात आलं की आई तर आधीपासूनच बसत नव्हती.

आता भास्करमामाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यासाठीच घडलं. भास्करमामा आईचा धाकटा भाऊ. एकलहऱ्याकडच्या एका गावात राहायचा, थोड्याशा जमिनीत झेंडू आणि भाजीपाला करायचा. पोट भरत नव्हतं म्हणून तरुणपणी वीजकेंद्राची राख वीटभट्ट्यांना पोचवणाऱ्या ट्रकवर हमाली करायचा. त्या राखेने त्याची छाती धरली. बोलता बोलता असा खोकायचा की समोरच्याचा जीव घाबरा व्हावा. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की आणखी दोन हंगाम राखेत काढलेस तर बायकापोरांना विचारून काढ. तेव्हा आईने जन्मात पहिल्यांदा बाबांकडे काही मागितलं, आणि मामा कारखान्यात खुर्च्यांच्या जोडणीवर लागला. खोकला हळूहळू गेला. राख मात्र गेली नाही. गावात घराशेजारीच भट्टी होती, दोरीवरच्या कपड्यांच्या शिवणीत करडी रेघ बसायची, ती कितीही आपटलं तरी निघायची नाही. दुपारी तो आमच्याकडे जेवायचा. आई बाजरीची भाकरी आणि खुरासणीची चटणी वाढायची, आणि तो चाकाच्या खुर्चीवर एक गिरकी घेऊन म्हणायचा, "अक्के, दाजींना सांग, आमच्या बांधावर यापेक्षा बरं बसता येतं." मला हसू यायचं. आईलाही यायचं, फक्त त्याच्यापुढेच.

मग कारखाना विकला गेला. नवे मालक बाहेरचे, ते कधी दिसले नाहीत, त्यांची फक्त माणसं यायची आणि इंग्रजीत बोलून जायची. बाबांच्या दारावरची 'पर्सोनेल'ची पाटी निघाली आणि 'ह्युमन रिसोर्सेस'ची लागली. याचा अर्थ काय, मी विचारलं. "काम तेच, पाटी मोठी," बाबा म्हणाले. काम तेच नव्हतं. जोडणीची नवी मशिनं आली आणि माणसं जास्त झाली. ती कमी करायची होती, आणि ती बाबांनी करायची होती. एकेकाला केबिनमध्ये बोलवायचं, समोरच्या खुर्चीकडे हात करून म्हणायचं, "बसा." पुढचं ऐकायच्या आधीच माणूस पांढराफटक पडायचा म्हणे. महिन्याभरात बाबांच्या तोंडातून तो शब्दच गेला. घरी कुणी आलं तरी ते 'या' म्हणायचे आणि उभेच राहायचे. पाहुणाही उभा, बाबाही उभे, मध्ये आमच्या त्या नापास खुर्च्या.

गठ्ठे मोठे व्हायला लागले. आमच्या अंगणातली दोरी पुरेना. शेजारची वहिनी रोज विरजण मागायला यायची, ती यायची बंद झाली. मग क्वार्टरमधल्या बायका पाण्याला मागच्या बाजूने जायला लागल्या, आमची दोरी दिसू नये म्हणून. वारा सुटला की सगळ्या बाह्या एकदम हलायच्या. एका जेवणात आईने विचारलंच.

"अहो, भास्करचं काय?"

"ऑफिसचं घरात नको."

"तो घरचाच आहे."

"म्हणूनच नको," बाबा म्हणाले, आणि ताटातला घास तसाच ठेवून हात धुवायला उठले.

त्यानंतरची एक दुपार. मामा नुकताच जेवून, पाणी पिऊन, भिंतीला वळसा घालून कामावर गेला होता. गांगुर्डेकाका गठ्ठा ठेवून गेले. आईने गाठ सोडली, पहिला शर्ट झटकला आणि तिचा हात तसाच थांबला. खिशावर लिहिलं होतं, भास्कर टिळे. तिने शिवण उलटी करून बघितली. आत करडी रेघ होती.

"मनू, मामाच्या अंगात शर्ट होता ना गं आत्ता?"

"होता की. चटणी सांडली ना त्यावर."

या शर्टावर चटणी नव्हती. आई बराच वेळ सुई हातात धरून बसली. भिंतीपलीकडे धप्प, फुस्स चालू होतं. मला आता कळायला लागलं होतं की गठ्ठ्यात शर्ट येणं म्हणजे काय. शेवटी तिने सुई पदराला टोचली, शर्टाची घडी केली आणि आतल्या खोलीतल्या लोखंडी ट्रंकेत, तिच्या लग्नाच्या शालूखाली ठेवून दिला. म्हणाली, "नाव शाबूत आहे तोवर तो कामावर आहे." संध्याकाळी बाबा आले. दोरीकडे त्यांनी एकदा सावकाश पाहिलं, एकेक शर्ट पाहिला, मग आईकडे पाहिलं. त्या दिवशी बाबांनी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवण केलं.

मामा कामावर राहिला. पुढच्या गठ्ठ्यात पुन्हा त्याचा शर्ट होता. आईने ट्रंक उघडून बघितली, पहिला होता तिथेच होता. मामा जेवायला आला तेव्हा तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुला शर्ट किती रे दिलेत?"

"दोनच. एक अंगात, एक घरी वाळत घातलाय. का गं, तुला कमी पडतात का धुवायला?"

दुसराही शालूखाली गेला. गांगुर्डेकाकांना तिने दारातच गाठलं, पण ते म्हणाले, "स्टोअरमधून बांधून येतंय वैनी. मी गाठ सोडत नाय. आपल्याला काय करायचंय." आणि तिच्या नजरेला नजर न देता निघून गेले. मला आठवतं, तेव्हापासून आई गठ्ठा उघडायच्या आधी दार लोटून घ्यायची. तिला कुणी बघू नये म्हणून नव्हे. उजेडाकडे पाठ करून ती पहिल्यांदाच बसत होती, आणि मला वाटतं तिला भीती वाटत होती. मला तर वाटतच होती.

तिसरा शर्ट आला तो वेगळा होता. त्याची कॉलर ओलसर होती, आत्ता कुणाच्या तरी अंगातून निघावी तशी, घामाने. आणि खिशावर फक्त 'भास्कर' होतं. 'टिळे' नव्हतं. तिथे भोकं होती, ताजी, सुबक, शेवटच्या अक्षरापासून मागे येत उसवलेली. आई सोडून तसं कुणी उसवत नसे. खिशात धाग्याचं वेटोळं नव्हतं.

त्याच दुपारी मामा जेवायला आला. गिरकी नाही, काही नाही. भाकरी मोडून तशीच ठेवली.

"अक्के, सुपरवायझर मला म्हणाला, तुझं आडनाव काय रे. रोज चहा पितो माझ्यासोबत. मला वाटलं चेष्टा करतोय. पण त्याला खरंच आठवेना. मग दुसऱ्याला विचारलं, त्यालाही आठवेना." तो हसायला गेला आणि खोकला आला. कितीतरी महिन्यांनी आला होता तो खोकला. जुना, खोल. "मला परत राखेत जायला लागलं तर मी राहत नाही बघ. पोरगी लहान आहे."

"जेव तू," आई म्हणाली. तो गेल्यावर तिने गडद निळा धागा ओवला आणि 'टिळे' परत भरलं. त्याच भोकांतून, एकेक. मी समोर बसून शर्ट ताणून धरला होता आणि माझी बोटं सगळा वेळ त्या ओल्या कॉलरीला लागत होती. शेवटचा टाका पडला तेव्हा भिंतीपलीकडे आधी फुस्स झालं आणि मग धप्प. आईने माझ्याकडे पाहिलं. तिनेही ऐकलं होतं. तिने दातांनी धागा तोडला आणि शर्ट ट्रंकेत टाकला.

दुसऱ्या दिवशी बाबा भर दुपारी घरी आले. अशा वेळी ते कधीच येत नसत. चपला न काढता आत आले आणि थेट त्या हळूहळू खाली जाणाऱ्या खुर्चीवर बसले, जिच्यावर आई आणि मी कधी बसत नसू.

"अहो, काय झालं?"

"भास्कर राहिला," बाबा म्हणाले. "त्यांना जोडणीतून आणखी एक कमी करून हवा होता. मी म्हटलं, त्याच्याऐवजी दुसरा देतो. दिला."

आईला कळायला क्षणभर वेळ लागला. मला त्याहून जास्त लागला. बाबांनी बसल्या बसल्या शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली. साहेब लोकांचे शर्ट पांढरे असत. तो अंगातून काढून त्यांनी घडी घातली, नीट, कॉलर वर ठेवून, आणि आईपुढे धरली. "हा परत द्यायचा आहे. नियम सगळ्यांना सारखा." नुसत्या बनियनमधले बाबा मला एकदम म्हातारे वाटले. खुर्ची हळूहळू खाली चालली होती. आणि भिंतीपलीकडे धप्प झालं की त्यांचे खांदे दबायचे. प्रत्येक वेळी, अगदी बरोबर. त्यांना ते जाणवत नव्हतं. धप्प, की खांदे खाली. आई ते बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला राग होता.

"यावर नाव नाही," ती म्हणाली.

"साहेबांचं नाव दारावर असतं, खिशावर नसतं. दारावरचं त्यांनी काढलं."

आता हे आजच्या मुलींना सांगून पटायचं नाही, पण आमच्या आईने आयुष्यात बाबांचं नाव तोंडाने घेतलेलं नव्हतं. लग्नातल्या उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. पोस्टमनने विचारलं तरी मला पुढे करायची. त्या दिवशी ती पाटावर बसली, पांढरा शर्ट मांडीवर घेतला, निळा धागा ओवला आणि पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. 'व' भरला. मग 'सं'. मग 'त'. ती भरत होती आणि तिचे ओठ हलत होते, आवाज न करता. मग शर्ट माझ्या हातात देऊन म्हणाली, "जा, देऊन ये. म्हणावं नियम आम्हाला माहीत आहे. तुमचा तुम्हाला ठाऊक आहे का बघा."

गांगुर्डेकाकांनी शर्ट उलगडला. खिशावर अंगठा फिरवला. मग मला म्हणाले, "हा नाय चढवायचा. घरी ने, पोरी. सायेब अजून हायेत." मग त्यांनी मशीन बंद केलं. सुट्टीची वेळ नव्हती. त्या खोलीत कामाच्या वेळेत पडलेली ती पहिलीच शांतता. मी पळत घरी आले. बाबा खुर्चीतच होते, पण खांदे सरळ होते आणि त्यांना झोप लागली होती. आईने तो पांढरा शर्ट नावासकट ट्रंकेत, सगळ्यात खाली ठेवला.

क्वार्टर सोडावी लागली. सामान उचलायला मामाच आला, ट्रंक त्यानेच डोक्यावर घेतली, आत काय आहे ते न विचारता. खुर्च्या आईने तिथेच ठेवल्या. इंदिरानगरला भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही जमिनीवर बसून जेवलो, आणि मला ते फार आवडलं. बाबांनी पुढे एका छोट्या प्रेसमध्ये नोकरी केली. मामा त्याच कारखान्यात वयाने निवृत्त झाला, त्याचं नाव परत कुणी विसरलं नाही. आणि त्या दुपारबद्दल आमच्या घरात कधीच कुणी बोललं नाही. आई गेली तीही न बोलता. ट्रंकेची किल्ली मात्र तिने दवाखान्यात माझ्या हातावर ठेवली होती, आणि तेव्हापासून ती माझ्या जुडग्यात होती. मी ट्रंक उघडली नाही. खरं सांगते, हिंमत होत नव्हती.

बाबा शेवटच्या दिवसांत माझ्याकडे होते. एका सकाळी त्यांना पेज भरवताना मी विचारलं, "बाबा, मामाचे शर्ट गठ्ठ्यात तुम्ही घालायचात ना?"

त्यांनी चमचा हाताने बाजूला सारला. "माझ्या तोंडून निघेना. तो तिचा भाऊ. म्हटलं, तिलाच विचारावं. स्टोअरमधून नवा शर्ट काढला, नाव भरून घेतलं, ठेवला. तिने नाव उसवलं असतं तर मी समजलो असतो की जाऊ दे म्हणते." मग म्हणाले, "नाही उसवलं तिने."

मला एकदम हायसं वाटलं. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं. नवा शर्ट होता म्हणून मामाच्या अंगात त्याचा त्याचा होताच. मी म्हटलं, "आणि नंतरचे दोन?"

"नंतरचे कुठले?" बाबा म्हणाले. "मी एकच ठेवला होता गं." त्यांनी डोळे मिटले. मला तेव्हाच आठवलं की स्टोअरमधल्या त्या नव्या शर्टाच्या शिवणीतसुद्धा राख होती. मी वाटी उचलून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

बाबा गेले. तेराव्याला मामा आला, हातात झेंडूच्या फुलांची भली मोठी पिशवी. आता तो खूप थकलाय, मामी गेल्यापासून एकटाच असतो, पण छाती ठणठणीत. पाहुणे पांगल्यावर आईबाबांचे जुने कपडे वाटायला काढायचे म्हणून मी त्याला सोबत घेऊन ट्रंक उघडली. एकटीने उघडली नसती. शालूखाली त्याचे तिन्ही शर्ट होते, नावं शाबूत, निळा धागा कालच भरल्यासारखा. मामाने ते आयुष्यात पहिल्यांदा पाहिले आणि मला सगळं सांगावं लागलं. सगळ्यात खाली पांढरा शर्ट होता, घडी तशीच, कॉलर वर. मी तो उचलला आणि खिशाकडे पाहिलं. खिसा कोरा होता. खिडकीकडे धरला तेव्हा भोकांतून उजेड आला आणि बाबांचं नाव दिसलं. खिशात बोटांना काहीतरी लागलं. निळ्या धाग्याचं छोटंसं वेटोळं, त्याला दुहेरी गाठ.

मामाने ते वेटोळं माझ्या तळहातावरून उचललं, गाठीवरून अंगठा फिरवला आणि परत खिशात ठेवलं. "ज्याचं त्याच्यापाशी असू दे," तो म्हणाला. अगदी आईसारखं. मग आपले तीन शर्ट मांडीवर घेऊन बसला. बाहेर मुलगा कामावरून उठला, त्याची खुर्ची फुस्स झाली, आणि आम्ही दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

"मनू," मामा म्हणाला, "दाजींचं करायला अक्का आली. माझं कोण करणार? अक्काने इतकं घट्ट भरून ठेवलंय." त्याने शर्ट माझ्याकडे सरकवले. "वेळ आली की तू काढशील ना? शेवटच्या अक्षरापासून काढ."

मी हो म्हणाले. पदराला सुई टोचून ठेवायची आईची सवय मला नव्हती. आता लागली आहे.